कणीस एक नंबर, भोपळा नको: एका फार्म टू टेबल रेस्टॉरंटचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे. ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी: जा, पण दुपारी जा, कणीस, टोमॅटो आणि अंडं मागवा, भोपळ्याच्या वाटेला जाऊ नका, आणि पोटात कावळे ओरडत असताना तर अजिबात जाऊ नका कारण सर्व्हिस एकदम निवांत आहे. बाकीच्यांनी खाली वाचा.

ह्या टाइपच्या जागांबद्दल माझं मत मुळातच जरा वाकडं आहे. शेतातून थेट ताटात हे कुणीही फळ्यावर खडूने लिहू शकतं, त्याला काही परीक्षा द्यावी लागत नाही. ऑरगॅनिक म्हणायचं तर निदान सर्टिफिकेट दाखवा म्हणता येतं, इथे दाखवणार काय? २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा बे टाइम्स पेपरच्या खाद्यसमीक्षक लॉरा रायली यांनी हे असले दावे तपासून पाहिले होते, मेन्यूवर ज्या शेतांची नावं लिहिलेली असतात त्यांना सरळ विचारलं की बाबांनो तुम्ही ह्यांना माल देता का, माशांचे तुकडे डीएनए टेस्टला पाठवले, आणि काही शेतवाल्यांनी सांगितलं की आम्ही ह्या हॉटेलला काही विकतच नाही! तेव्हापासून मेन्यूवर शेतकऱ्याचा हसरा फोटो दिसला की मी आधी पाणी पिते आणि मग वाचते.

इथे पण फोटो आहेत. भिंतभर आहेत. पण फोटोंच्या खाली एक फळा आहे आणि त्यावर तीन पदार्थ खोडलेले होते, आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक पण वाजला नव्हता. बीन्स संपल्या, एक सूप संपलं, आणि एक कसलं तरी सॅलड आज नाहीच कारण पाला आला नाही. बरोबरच्या मंडळींची तोंडं पडली पण मला तिथेच जरा बरं वाटलं. कारण ज्या किचनमध्ये बाराही महिने सगळंच मिळतं ते किचन शेतावर चालत नाही, कोल्ड स्टोरेजवर चालतं, त्यात वाईट काही नाही पण मग तसं सांगा ना. शेतावर चालणाऱ्या जागेची खूण म्हणजे तिथे तुम्हाला पाहिजे ते मिळत नाही.

हा प्रकार काही नवा नाही म्हणा. कॅलिफोर्नियात बर्कलीला अ‍ॅलिस वॉटर्स बाईंनी १९७१ साली शे पानीस नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथे सुरुवातीपासून रात्रीच्या जेवणाला एकच ठरलेला मेन्यू, जे चांगलं मिळालं ते शिजवायचं आणि गिऱ्हाइकाने ते खायचं. चांगला माल कुठल्या शेतावर मिळतो हे हुडकायला त्यांनी पुढे खास माणूस पगारावर ठेवला होता. त्यांची अजून एक गोष्ट सांगतात की पीचचा सीझन भरात असला की डेझर्ट म्हणून नुसता एक पिकलेला पीच बशीत ठेवून द्यायचे, वर सॉस नाही काही नाही. असं करायला छाती लागते, कारण पीच जरा जरी फिका निघाला तर गिऱ्हाईक म्हणणार की नुसतं फळ ठेवायचे पैसे कसले घेता.

आता खाण्यावर येते.

पहिलं कणीस. अख्खं, सालीसकट भाजलेलं, सोबत बटर आणि मीठ, बस. आमच्याबरोबर मावशी होती, तिचं अर्धं आयुष्य शेतात गेलंय, तिने ताट समोर आल्या आल्या वेटरला हाक मारली, "अरे बाळा, न शिजवलेलं एखादं कणीस आण की दाखवायला." मला वाटलं आता हा पोरगा हसणार पण तो खरंच आत जाऊन एक घेऊन आला. मावशीने साल जरा बाजूला केली, एका दाण्यात अंगठ्याचं नख रोवलं, आणि दुधासारखा पांढरा रस उडाला थेट माझ्या चष्म्यावर. "हं," म्हणाली, "आजचंच आहे." रस पाण्यासारखा आला असता तर कणीस कोवळं, आणि आत पिठूळ लागलं असतं तर जून, एवढं तिच्याकडून मी पण शिकले. पण आजचंच आहे हे कसं कळलं म्हटलं तर देठाकडे बोट दाखवलं, तोडलेली जागा अजून हिरवी आणि ओलसर होती, वाळून तपकिरी झाली नव्हती.

आणि कणसाच्या बाबतीत आजचं की परवाचं ह्याने खरंच फरक पडतो, हा नुसता नखरा नाही. कणीस तोडलं की दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते, साध्या जातीचं स्वीट कॉर्न गरमीत दिवसभर पडून राहिलं तर निम्म्याच्या आसपास गोडी गेलेली असते. थंडीत ठेवलं तर हे हळू होतं, आणि आता त्या सुपरस्वीट जाती आल्यात त्यांची गोडी जास्त दिवस टिकते, पण त्यांना तो दुधाळ मऊपणा नसतो, त्या नुसत्या गोड आणि कुरकुरीत. इथलं कणीस साध्या जातीचं होतं, वेटरला विचारलं तर त्याला जातीचं नाव माहीत होतं आणि गाडी सकाळी सातला आली हे पण माहीत होतं. तर ही झाली डिश नंबर एक, आणि माझ्या मते ह्या जागेचं पूर्ण भाडं हिनेच वसूल केलं. आम्ही परत मागवलं.

दुसरं टोमॅटो सॅलड. जाड चकत्या, तेल, मीठ, थोडा पाला. टोमॅटो फ्रिजमधला नव्हता हे पहिल्या घासाला कळतं, थंडगार नव्हता, खोलीच्या टेंपरेचरला होता आणि वास असा की ताट टेबलावर यायच्या आधी नाकाला कळलं. आपण दुकानातून आणतो त्याला वास का नसतो, तर एक म्हणजे तो कच्चा असताना तोडतात, प्रवासात टिकावा म्हणून, आणि दुसरं म्हणजे थंडी. १२-१३ अंशांच्या खाली टोमॅटो ठेवला की त्याचा वास मरायला लागतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की आठवडाभर ५ अंशांत ठेवलेल्या टोमॅटोमधली वास तयार करणारी जीन्सच मंदावतात आणि बाहेर काढून ठेवला तरी गेलेला वास पुरता परत येत नाही. (फ्लोरिडा परत, आणि हे पण २०१६, काय योगायोग बघा, एकीकडे हॉटेलवाल्यांचं पितळ उघडं पडतंय आणि दुसरीकडे टोमॅटोचं.) म्हणजे जवळच्या शेताचा फायदा काय, तर टोमॅटो झाडावरच पिकू देता येतो आणि फ्रिजमध्ये न टाकता दोन दिवसांत संपवता येतो. तेवढंच, पण तेवढंच खूप आहे. ह्या सॅलडवर शेफने डोकं चालवलं नाही ह्याबद्दल त्याचे आभार.

तिसरं अंडं, आणि ह्याच्यावर आमच्या टेबलावर भांडण झालं. उकडलेलं अंडं, अर्धं कापलेलं, खाली भाजलेले बीटचे तुकडे आणि बीटचाच पाला परतलेला. अंडं दिसायला भयानक! पांढऱ्यावर खड्डेच खड्डे, एका बाजूने तर लचका तोडल्यासारखं. नवरा म्हणाला एवढे पैसे घेतात आणि ह्यांना अंडं सोलता येत नाही. अहो पण ताजं अंडं सोललं जात नाहीच! अंडं घातल्यावर कवचाच्या बारीक भोकांमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो, पांढऱ्याचा आंबटपणा कमी होत जातो, आणि मग आतला पातळ पापुद्रा पांढऱ्याला चिकटून राहत नाही. आठवडा दीड आठवडा जुनं अंडं गुळगुळीत सोललं जातं, कालचं अंडं सालीबरोबर आपला पांढरा भाग पण घेऊन जातं. तर ते खड्डे म्हणजे त्या अंड्याचं जन्माचं सर्टिफिकेट होतं. नवऱ्याला पटलं नाही, तो म्हणाला मग पोच करून, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात सोडून द्यायचं ना, त्यात ताजं अंडं छान गोळा राहतं. ह्यात त्याचा पॉइंट आहे, हे मी मान्य करते, शेफ, वाचत असाल तर बघा. चवीला मात्र सुंदर, आणि बीटच्या पाल्याची ती किंचित खारट, मातकट चव बलकाबरोबर मस्त लागते.

पाल्यावरून आठवलं, त्यात एका घासाला किरकिर आली. माती. एकच घास, पण दाताखाली वाळू आली की पुढचे चार घास माणूस घाबरत खातो. शेतातून थेट ठीक आहे, पण मधे नळ लागतो की नाही? सांगितल्यावर लगेच बदलून दिलं, कारणं देत बसले नाहीत.

पाला, देठ, गाजराची शेंडी असलं सगळं इथे वापरतात हे मला आवडलं. सूपवर गाजराच्या पाल्याचा हिरवा सॉस होता, थोडा कडवट, पण गाजराच्या गोडपणाला तो लागतोच. न्यूयॉर्कचा शेफ डॅन बार्बर आहे ना, ब्लू हिल रेस्टॉरंटवाला, त्याने २०१५ मध्ये काही आठवडे आपलं रेस्टॉरंट बंद ठेवून त्या जागी फक्त टाकाऊ मालावर चालणारं पॉपअप, म्हणजे तात्पुरतं रेस्टॉरंट, काढलं होतं, साली, देठं, ज्यूस काढून उरलेला चोथा, असलं सगळं. तेवढी टोकाची गरज नाही पण शेतकऱ्याकडून अख्खं बीट घ्यायचं आणि पाला फेकून द्यायचा ह्यात कसला आलाय शेताशी संबंध. मला तर वाटतं की अशा जागेची खरी परीक्षा पहिल्या नाजूक कोवळ्या भाजीच्या वेळी नसतेच, ती असते एखाद्या भाजीचा पूर येतो तेव्हा. शेतात एकदम सगळंच पिकतं, मग तीन आठवडे तुम्ही त्याच दुधी वांग्याचं काय काय करता? इथे त्या दिवशी टोमॅटो सॅलडमध्ये, सॉसमध्ये, सुकवून ब्रेडवर, आणि सरबतासारखं एक गार पेय होतं त्यात पण. काही लोक म्हणतील मेन्यू रिपीट होतोय, मी म्हणेन घेतलेला माल संपवतायत.

आता भोपळा. मेन्यूवर त्याच्यापुढे मोठ्या अक्षरात "आज सकाळी तोडलेला". आणि खाल्ला तर पाणचट, धागेदार, गोडीचं नाव नाही, वरून मसाला मारून मारून चव आणायचा प्रयत्न. मावशी एक तुकडा खाऊन म्हणाली, "ह्याला कशाला सकाळी तोडायचं, ह्याला ठेवायचा असतो." तेच. जाड सालीचा भोपळा तोडल्यावर काही आठवडे ठेवला की त्यातलं पाणी कमी होतं आणि स्टार्चची साखर होते, म्हणजे कणसाच्या बरोब्बर उलटं. रताळ्याचं पण तसंच, काढल्यावर आठवडाभर उबेत ठेवतात तेव्हा ते गोड होतं आणि टिकतं. कांदा बटाटा पण आधी सुकवून मुरवूनच ठेवतात. तर प्रत्येक गोष्टीपुढे सकाळी तोडलेलं असं लिहिणं म्हणजे ह्यांच्या मेन्यू लिहिणाऱ्याला आणि शेतकऱ्याला एकदा एकत्र बसवायची गरज आहे. किचनमध्ये जाण आहे हो, कणीस बघून कळतं, पण मार्केटिंगवाल्याच्या हातात खडू दिला की असं होतं.

ह्याच लाइनवर अजून एक तक्रार. टेबलावर एक कार्ड ठेवलंय की इथे जेवून तुम्ही पृथ्वी वाचवताय कारण आमचं अन्न लांबून येत नाही. वाचवा की, पण हिशोब बरोबर करा. २०१८ मध्ये सायन्स ह्या नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक ह्या संशोधकांचा जगभरच्या हजारो शेतांचा अभ्यास आला होता, त्यात अन्नामुळे हवेत जाणाऱ्या एकूण हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता, बाकी सगळं जमीन, जनावरं, खत, प्रक्रिया वगैरेचं. विमानाने येणाऱ्या नाजूक मालाची गोष्ट वेगळी, पण जहाजाने आलेल्या मालाचा प्रवास त्या मानाने किरकोळ पडतो. त्याच मेन्यूवर तीन बीफच्या डिश आणि कार्डवर पृथ्वी, हे जरा हसूच आलं. जवळचं खा कारण चव चांगली, पैसा ओळखीच्या माणसाकडे जातो, शेती डोळ्यासमोर राहते, ही कारणं पुरेशी आहेत, उगाच पृथ्वी मधे कशाला आणायची.

बीफवर आलेच आहे तर, ताजं म्हणजे चांगलं हा नियम मांसाला लावू नका. ते कापल्यावर थंडीत काही दिवस ते काही आठवडे मुरवतात तेव्हा मऊ पडतं. इथे ते त्यांनी नीट केलंय आणि मेन्यूवर किती दिवस मुरवलंय ते लिहिलंय, बरोबर आहे. मी खाल्लं नाही, नवऱ्याने खाल्लं, तो काही बोलला नाही म्हणजे चांगलं असणार.

सर्व्हिस. पोरं प्रेमळ आहेत, पाठ केलेलं बोलत नाहीत, पण प्रत्येक ताटाबरोबर भाषण आहे. हे गाजर कुठल्या शेतातलं, त्या शेतात कसली माती, शेतकऱ्याच्या बायकोला काय आवडतं. पहिल्या दोन वेळा ऐकायला बरं वाटतं, तिसऱ्या वेळी सूप गार होतं. सांगायचंच असेल तर जे विचारेल त्याला सांगा. विचारल्यावर मात्र उत्तरं खरी मिळतात, हे महत्त्वाचं. मी मुद्दाम विचारलं की डेझर्टवर ही जी बेरी ठेवलीय ती ह्या सीझनला कुठून आली, तर मुलगी थोडी लाजली आणि म्हणाली, "ती बाहेरची आहे मॅडम, दिसायला बरी दिसते म्हणून." कॉफी, मिरी, साखर, तेल हे पण बाहेरचं असं तिने न विचारता सांगितलं. मला हे शंभर टक्के लोकल म्हणून छाती बडवण्यापेक्षा दहापट बरं वाटलं. मटार फ्रोजन असतात का विचारलं तर म्हणाली हो, सीझनला शेतावरूनच आणून आम्हीच फ्रीझ करतो. उत्तम! मटारची गोडी पण कणसासारखीच तोडल्यापासून पळायला लागते, तर तोडल्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला मटार हा चार दिवस प्रवास केलेल्या ताज्या मटारापेक्षा कधीही चांगला. फ्रोजन ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. ती बेरी मात्र काढून टाका राव, कुणाला पाहिजे.

डेझर्ट स्वतः ठीक. फळ चांगलं होतं आणि त्याच्यावर क्रीम, कुरकुरीत चुरा, सिरप, अजून एक सिरप. सगळ्या जेवणात शेफ हात आवरून होता आणि इथे आल्यावर सुटला.

वेळ भरपूर लागतो, ऑर्डर दिल्यापासून पहिलं ताट यायला इतका वेळ की ब्रेडची टोपली दोनदा रिकामी झाली. ब्रेड छान आहे, आंबवलेला, जाड कवचाचा, पण तो चकटफू नाही हे बिलात कळतं, आधी सांगायला हवं होतं. बिल एकूणच जड आहे. ह्यातलं काही मला पटतं, छोट्या शेतावरून थोडा थोडा माल आणायचा म्हणजे स्वस्त पडत नाही, आणि संपलं तर संपलं म्हणणारं हॉटेल गिऱ्हाईक परत पाठवतं ते नुकसान कुठून तरी भरून काढणारच. पण मग भोपळ्याला आणि कणसाला एकच भाव का, ते काही कळलं नाही.

लहान मुलं असतील तर अवघड आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही नाही, साधा पास्ता करून द्याल का विचारलं तर बघतो म्हणाले आणि टोमॅटो सॉसचा करून दिला, शेजारच्या टेबलावरच्या पोराने चाटून पुसून खाल्ला. ज्यांना कशाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र फोन करूनच जा, फळ्यावरचा मेन्यू रोज बदलतो आणि त्यावर काय कशात आहे हे लिहिलेलं नसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सेट मेन्यू घेऊ नका असं माझं म्हणणं, त्यात भोपळा आणि डेझर्ट दोन्ही गळ्यात पडतात. सुटं मागवा, वेटरला सरळ विचारा की आज सकाळी काय आलं आणि कालचं काय आहे, ते सांगतात. माल मंगळवारी आणि शनिवारी येतो असं कळलं, त्यामुळे सोमवारी जाण्यात अर्थ नाही. बुकिंग फोनवर होतं, ऑनलाइन दाखवतं पण कन्फर्म होत नाही. पार्किंग मागच्या बाजूला आहे, पाटी दिसत नाही, गेटच्या पुढे जाऊन डावीकडे वळा.